जहाज कुणासाठी थांबत नाही: क्रूझचा विमा घेताना

मागच्या महिन्यात शेजारचे काका एक जाड पाकीट घेऊन आले आणि पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवून म्हणाले, "ताई, एवढं जरा पाहून द्या." काका ७१ वर्षांचे, काकू ६६ च्या. पुण्याच्या लेकीनं दोघांसाठी चार रात्रींची क्रूझ बुक केली आहे. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात २२ वर्षं काढली. नोकरी सोडून बराच काळ लोटला, तरी नागपुरात लक्ष्मीनगरच्या आमच्या गल्लीत विम्याचा कुठलाही कागद अजून माझ्याच दारी येतो.

पाकिटात एका पानाचं सर्टिफिकेट होतं, टूर कंपनीनं पॅकेजसोबत 'फ्री' दिलेलं. पॉलिसी वर्डिंग, म्हणजे अटींचं खरं पुस्तक, त्यात नव्हतंच. ते मागवून घेतलं तर ४२ पानं निघाली. मी वाचत बसले तसे काका चुळबुळ करू लागले.

"एवढं काय वाचून राहिल्या? जहाजावर डॉक्टर राहतेच ना."

राहतो. चला, त्याच्यापासूनच सुरुवात करू.

मोठ्या प्रवासी जहाजावर एक छोटा दवाखाना असतो. डॉक्टर, नर्स, ईसीजी, ऑक्सिजन, एक्स-रे, थोड्या रक्ततपासण्या. उलट्या थांबवणं, टाके घालणं, हार्ट अटॅक आलेल्या माणसाला किनारा लागेपर्यंत सावरून धरणं एवढं तिथं होतं. अपेंडिक्स फुटलं, खुब्याचं हाड मोडलं, तर माणसाला उतरवावं लागतं. आणि हा दवाखाना तिकिटात धरलेला नसतो. जेवण, नाचगाणं, पोहण्याचा तलाव तिकिटात, सलाईन वेगळं. बिल केबिनच्या खात्यावर चढतं, बहुतेक जहाजांवर डॉलरमध्ये, आणि उतरायच्या आधी तुमच्या कार्डावरून वसूल होतं. धंतोलीतल्या हॉस्पिटलात कार्ड दाखवून कॅशलेस होतं तसं इथं होईल, ही आशा सोडून द्यावी. आधी आपण भरायचं, मग घरी येऊन कागद लावून मागायचं. म्हणून विमा कितीही चांगला असला, तरी क्रेडिट कार्डाची मर्यादा पुरेशी आहे ना, हे बँकेला विचारून निघावं.

पण मोठा खर्च जहाजावर होतच नाही. तो उतरल्यावर होतो. समजा, पेनांगला काकांना छातीत दुखतंय म्हणून उतरवलं. त्यांच्यासोबत काकू उतरणार, दोन बॅगा उतरणार, आणि जहाज ठरल्या वेळी भोंगा वाजवून फुकेतकडे निघून जाणार. मग एकामागून एक सुरू होतं. अॅम्ब्युलन्स. दाखल करून घेण्याआधी हॉस्पिटल मागेल ती अनामत. काकूंचं हॉटेल. सिंगापूर–मुंबईचं वाया गेलेलं तिकीट, पेनांगहून घरी यायचं नवं तिकीट. पुण्याहून लेक धावत येणार, तिचं विमान. हे सगळे खर्च 'विमा' या एकाच शब्दाखाली येतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रवास विमा म्हणजे आठ-दहा छोट्या विम्यांची पुरचुंडी असते, आणि पुरचुंडीतल्या प्रत्येक गाठीची रक्कम वेगळी. औषधोपचार एक. रुग्णाला हलवणं दुसरं. सोबतच्या माणसाचा मुक्काम तिसरं. अर्धवट राहिलेली सहल चौथं. सर्टिफिकेटवर मोठ्या अक्षरात जो आकडा छापलेला असतो तो बहुधा फक्त पहिल्या गाठीचा असतो.

क्रूझसाठी मी सगळ्यात आधी दुसरी गाठ सोडून पाहते. पॉलिसीत तिला 'मेडिकल इव्हॅक्युएशन' म्हणतात. भर समुद्रात हेलिकॉप्टर येतं हे सिनेमात ठीक आहे; हेलिकॉप्टरचा पल्ला मर्यादित असतो, किनाऱ्यापासून फार दूर असलात तर जहाजालाच वाट वाकडी करून जवळचं बंदर गाठावं लागतं. आपल्या समुद्रात भारतीय तटरक्षक दल जहाजांवरच्या रुग्णांना उतरवण्याचं काम वरचेवर करतं, त्यांचा आणीबाणीचा नंबर १५५४ आहे. पण सुटका झाल्यावर पुढचा प्रवास असतोच: छोट्या बंदरातल्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात, आणि तिथून नागपूरला. झोपवून आणायचं म्हटलं तर विमानातल्या अनेक सीटा काढून स्ट्रेचर बसवावं लागतं, सोबत डॉक्टर किंवा नर्स लागते. सगळ्यात मोठा आकडा इथं होतो. म्हणून पाहायचं हे की हलवण्याचा खर्च औषधोपचाराच्या रकमेतूनच कापला जातो की त्याची रक्कम वेगळी ठेवली आहे. वेगळी असेल तर बरं. आणि जवळपास प्रत्येक पॉलिसीत एक ओळ असतेच: आमच्या मदत केंद्राला आधी कळवा, हलवायचं की नाही ते आमचे डॉक्टर ठरवतील. घाबरून परस्पर एअर अॅम्ब्युलन्स बोलावली आणि बिल नंतर पाठवलं, असे क्लेम माझ्या टेबलावर येत. त्यातले थोडेच पूर्ण मंजूर होत.

याच गाठीत मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्चही असतो. काकूंसमोर मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं नाही, काकांना फक्त बोटानं दाखवलं.

रक्कम किती घ्यावी? युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. ती व्हिसाची अट आहे, तेवढ्यात भागेल असं कुणी म्हटलेलं नाही. सिंगापूरची हॉस्पिटलं महाग आहेत. या वयात, या प्रवासाला मी १ लाख डॉलरच्या खाली जाणार नाही. जहाज अमेरिकेच्या बंदराला लागणार असेल, अलास्का किंवा कॅरेबियन, तर त्याच्या अडीच-तीन पट, आणि तेव्हा 'अमेरिका-कॅनडा वगळून' असलेली स्वस्त पॉलिसी चालत नाही. तुम्ही विमानानं कुठं उतरता एवढंच पाहू नका, जहाज कुठं कुठं लागतं ते पाहा.

आता आपल्या गावाची गोष्ट. देशाच्या मधोमध राहण्याचा आपल्याला अभिमान आहे, झिरो माईलजवळ पाहुण्याला नेऊन फोटोही काढतो. क्रूझच्या बाबतीत मात्र हा मधोमधपणा नडतो. मुंबईकराला एक विमान, आपल्याला दोन. काकांचं वेळापत्रक असं होतं: संध्याकाळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबई, रात्रीच्या विमानानं सिंगापूर, सकाळी उतरायचं आणि त्याच दुपारी जहाजावर चढायचं. मुंबईची आणि सिंगापूरची तिकिटं दोन वेगवेगळ्या विमान कंपन्यांची, दोन वेगळ्या पीएनआरवर.

यातल्या एकेका फटीकडे पाहा. तिकिटं वेगळी, म्हणून पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीवर काहीच जबाबदारी नाही. तिच्या हिशेबी तुम्ही आलाच नाहीत. मग वाटतं, विमा आहे ना! परदेश प्रवासाच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये संरक्षण सुरू होतं ते भारतातून बाहेर पडताना. नागपूर–मुंबई हा टप्पा त्या पॉलिसीच्या नजरेत प्रवासच नसतो. तो धरला असेल तरी 'मिस्ड कनेक्शन'ला अट असते की विमान अमुक तासांपेक्षा जास्त उशिरा यायला हवं, आणि दोन विमानांमध्ये तुम्ही किमान इतका वेळ ठेवलेला हवा. मुंबईच्या पावसाचं नव्यानं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. हिवाळ्यात दिल्लीमार्गे जाणाऱ्यांना धुकं. आणि जहाजाची नोंदणी सुटायच्या तास-दीड तास आधीच बंद होते. विमान चुकलं तर उद्याचं असतं. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरावर गाठावं लागतं, तेही जहाज कंपनी हो म्हणाली आणि त्या देशात शिरायचे कागद तुमच्याकडे असले तर.

यावर 'मिस्ड डिपार्चर' नावाचं संरक्षण मिळतं, ते पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च देतं. काही कंपन्या 'क्रूझ कव्हर' म्हणून वेगळी जोडणी विकतात, तिच्यात हे असतं, शिवाय जहाजानं एखादं बंदर गाळलं किंवा आजारपणामुळे केबिनमध्ये कोंडून राहावं लागलं तर ठरावीक रक्कम. ही दुसरी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७०० माणसं अडकली होती, त्यातल्या ७०० हून अधिक जणांना कोविड झाला. नेहमीच्या दिवसांत नोरोव्हायरसची उलट्या-जुलाबाची साथ हीच जहाजांची जुनी डोकेदुखी, आणि लागण झालेल्याला केबिनमध्येच ठेवतात. बंदर गाळण्याबद्दल मात्र जहाज कंपनीशी भांडून उपयोग नसतो. हवामान पाहून मार्ग बदलण्याचा हक्क तिनं तिकिटाच्या करारात आधीच राखून ठेवलेला असतो.

जोडणी घ्या किंवा घेऊ नका, काकांना मी म्हटलं, आदल्या दिवशी सिंगापुरात पोहोचा. एका रात्रीच्या हॉटेलाचे पैसे जातील ते जाऊ द्या.

"आणि मुंबईला?"

मुंबईलाही आदल्या दिवशी. दुरांतो रात्रभरात नेते.

एक उशीर असा आहे ज्याचे पैसे कुठलीच पॉलिसी देत नाही: बंदरावर उतरून फिरायला गेलेल्या माणसाचा स्वतःचा. जहाज कंपनीचीच सहल घेतली असेल तर उशीर झाल्यावर जबाबदारी तिची. जहाज थांबतं किंवा ती तुम्हाला पुढे पोहोचवते. स्वस्त पडते म्हणून बाहेरची टॅक्सी केली तर जबाबदारी तुमची. त्यात फुकेतची एक खास खोच आहे. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असतं. किनाऱ्याला लागलं की फोन आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो, आणि जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत असलं तर तुमच्या फोनवर तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. 'वेळेवर' आलेला माणूस धक्क्यावर उभा राहून जहाजाची पाठ पाहतो.

इथवर काकांना मजा येत होती. मग मी प्रस्ताव फॉर्मची प्रत काढली. 'आधीपासूनचा काही आजार आहे का?' या ओळीपुढे 'नाही' होतं.

काकांची २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे, एक स्टेंट आहे. शुगरची गोळी १२ वर्षं चालू. हे मला ठाऊक, कारण हॉस्पिटलात डबा मीच पोहोचवला होता.

"लेकीनं भरलं," काका म्हणाले. "ते म्हणे, असंच लिहितात सगळे. नाहीतर प्रीमियम वाढते."

सगळे असंच लिहितात हे खरं आहे. आणि पकडले जातात हेही. कसं, ते क्लेम विभागात बसल्याशिवाय कळत नाही. कंपनीला गुप्तहेर लागत नाही. माणूस कुठल्याही देशाच्या हॉस्पिटलात दाखल झाला की डॉक्टर पहिल्या पानावर त्याचा पूर्वेतिहास लिहितो: मधुमेह इतकी वर्षं, रक्तदाब, २०१९ मध्ये स्टेंट. तो कुणाकडून घेतो? घाबरलेल्या बायकोकडून. ती खरं सांगते, सांगायलाच हवं, उपचार त्यावर ठरतात. तेच पान क्लेमसोबत येतं. फॉर्म आणि ते पान शेजारी ठेवलं की संपलं. आम्हाला पाच मिनिटं लागत. मग हृदयाचाच नव्हे, पाय मोडल्याचा क्लेमही अडचणीत येऊ शकतो, कारण महत्त्वाची माहिती दडवली म्हणून पॉलिसीच रद्द ठरवण्याचा अधिकार कंपनीला असतो.

खरं लिहिलं तर काय होतं? तीनपैकी एक. प्रीमियम वाढतो. किंवा कंपनी रिपोर्ट मागून नाही म्हणते. किंवा घेते, पण त्या आजारासाठी फक्त जीव धोक्यात असतानाचे उपचार, तेही ठरावीक रकमेपर्यंत आणि प्रकृती स्थिर होईपर्यंतच. हा तिसरा प्रकार सर्वात जास्त आढळतो. वाक्य बारीक वाचा: स्थिर होईपर्यंत. अटॅक सावरला, डॉक्टर म्हणाले पंधरा दिवसांत बायपास करून टाका, तर ती बायपास त्यात नाही. ती नागपूरला येऊन आपल्या नेहमीच्या मेडिक्लेमवर. ज्येष्ठांच्या योजनांमध्ये आणखी एक तक्ता असतो, खोलीचं भाडं रोज इतकं, आयसीयू इतकं, सर्जनची फी इतकी. वर ५०,००० डॉलर लिहिलेलं असलं तरी पैसे या तक्त्यातून निघतात. दोन योजनांपैकी एक थोडी महाग असेल आणि तिच्यात हा तक्ता नसेल, तर मी डोळे मिटून महाग घेईन.

तिकीट रद्द करण्याच्या संरक्षणाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो, की जावंसं वाटलं नाही तरी पैसे मिळतील. कारणं ठरलेली असतात: स्वतःचं हॉस्पिटलात दाखल होणं, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार, अशी. आणि 'जवळचा नातेवाईक' कोण, हे पॉलिसी ठरवते. काकांची ९३ वर्षांची आई काटोलला थोरल्या भावाकडे असते, गेले वर्षभर अंथरुणावर. प्रवासाच्या आठवड्यात तिची प्रकृती बिघडली तर? आई जवळच्या नात्यात येते, पण तिचा आजार आधीपासूनचा, म्हणून कित्येक पॉलिसी हात वर करतात. हा प्रश्न ईमेलवर लेखी विचारायचा, फोनवर नाही. फोनवर सगळंच कव्हर असतं.

रकमेचंही गणित घालून पाहा. समजा माणशी १,२०,००० चं पॅकेज, वीस दिवस आधी रद्द केलं तर निम्मे कापणार, म्हणजे ६०,००० गेले. पॉलिसीत रद्दचं संरक्षण ५०० डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ४५,००० मिळतील, १५,००० खिशातून. जहाज कंपन्यांची कपात निघायची तारीख जवळ येते तशी वाढत जाते, म्हणून हा तक्ता आणि पॉलिसीचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. आणि हे संरक्षण हवं असेल तर पॉलिसी बुकिंग केल्याबरोबर घ्यायची. निघायच्या आदल्या रात्री घेतली तर या भागाचा प्रीमियम पाण्यात. वादळ येणार म्हणून जाहीर झालं, साथ पसरल्याची बातमी आली, की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ते कारण बसत नाही.

बाकीचं भरभर. बॅग हरवण्याचं संरक्षण लोक फार आवडीनं पाहतात, मला त्याचं अप्रूप नाही; रक्कम छोटी, सोनं-रोकड वगळलेली. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात जवळपास सगळीकडे वगळलेला असतो, आणि जहाजावर दारूचं पॅकेज मोठ्या कौतुकानं विकतात. फुकेतला भाड्याची स्कूटर, स्कूबा, पॅरासेलिंग यांच्या अटी वेगळ्या वाचा. पॉलिसीचे दिवस परतीच्या विमानापर्यंत मोजा, वर दोन दिवस जास्त ठेवा. डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममधला पहिला वाटा तुमचा: १०० डॉलर असेल आणि जहाजावरचं बिल ९०० झालं, तर ८०० मागायचे. घरात गरोदर सून असेल तर विम्याच्या आधी जहाजाचा नियम पाहा, बहुतेक जहाजं सहलीदरम्यान २४ वा आठवडा लागणार असेल तर घेतच नाहीत.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची देशातली क्रूझ घेणाऱ्यांनी परदेश प्रवासाची पॉलिसी घेऊन उपयोग नाही. ते म्हणतात, आमचा मेडिक्लेम आहे की. किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात चालेल. जहाजावर? मेडिक्लेममध्ये 'हॉस्पिटल' कशाला म्हणायचं याची व्याख्या असते: स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी झालेलं, किंवा दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, आणि सुसज्ज ऑपरेशन थिएटर. जहाजावरचा दोन खाटांचा दवाखाना यात बसवून दाखवा. रेल्वेच्या तिकिटासोबत ४५ पैशांचा विमा मिळतो, पण तो रेल्वे अपघाताचा.

निघताना मदत केंद्राचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये, शिवाय कागदावर. भर समुद्रात फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कवर गेला तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर आणि संपर्क जहाजाच्या वायफायवरून. त्यासाठी मदत केंद्राचा ईमेल किंवा व्हॉट्सअॅप आधीच विचारून ठेवा. जहाजाच्या डॉक्टरचा रिपोर्ट, बिल आणि पैसे भरल्याची पावती उतरायच्या आधीच सही-शिक्क्यानिशी घ्यायची. जहाज एकदा गेलं की त्या कागदामागे तुम्ही नागपूरहून ईमेल करत बसाल. चोरी झाली तर पोलिसांचा कागद, बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीचा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, मात्र नकार आल्यापासून वर्षभरात जावं लागतं. विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, टोल फ्री नंबर १५५२५५.

काकांनी नवी पॉलिसी घेतली, स्टेंट लिहून. कंपनीनं धंतोलीच्या डॉक्टरांचा ताजा रिपोर्ट मागितला आणि प्रीमियम बऱ्यापैकी वाढवला. लेक दोन दिवस फुरंगटली होती. दुरांतोची तिकिटं झाली आहेत. परवा काकू सांबारवडीची पुडी द्यायला आल्या, मागून काका, हातात किल्लीचं जुनं एचएमटी घड्याळ.

"हे काही आपोआप बदलत नाही," ते म्हणाले, आणि माझ्या दारात उभं राहूनच काटे अडीच तास पुढे केले.

"आतापासूनच कायले?" काकू म्हणाल्या. "अजून तीन आठवडे आहेत."